एकाच बॉक्सला चार, आठ, सोळा ओहम

गिटारचा अ‍ॅम्प एकाचा, स्पीकर बॉक्स दुसऱ्याचा आणि मधली केबल तिसऱ्याच कुणाची तरी, ही आपल्याकडच्या स्टेजची नेहमीची स्थिती. आमच्या सावंगीतही (मेघे) तेच. इथे 1990 साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुढे इतर विद्याशाखा आल्या आणि ठिकठिकाणची मुलं इथल्या वसतिगृहांत राहू लागली. त्यांतली काही गिटार घेऊन येतात, एखाद-दुसरा घरून अ‍ॅम्पचं हेडही आणतो. गॅदरिंगच्या दिवशी साउंडवाल्याच्या गाडीतून जो बॉक्स उतरेल त्यालाच ते हेड जोडावं लागतं. बॉक्सच्या पाठीवर 8 लिहिलेलं, हेडच्या मागे 4 आणि 16, आणि तालमीला वेळ नाही. मग कुणीतरी म्हणतं, बॉक्समध्येच एक स्विच बसवून टाकू, हवे तेवढे ओहम करता येतील.

कल्पना जुनी आहे आणि मोठ्या कंपन्यांनी ती वापरलीही आहे. पण बॉक्समध्ये स्विच बसवण्याआधी त्या स्विचने नेमकं काय मिळतं आणि काय पणाला लागतं, हे समजून घेतलेलं बरं. एक चुकीची जोडणी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, तर तो नवा भरून घ्यायला निदान नागपूर गाठावं लागतं आणि खर्चही चांगलाच येतो.

स्पीकरवर छापलेला 8 हा आकडा नावापुरता असतो. मल्टिमीटर लावला तर 8 ओहमच्या गिटार स्पीकरची कॉइल साधारण साडेसहा-सात ओहम दाखवते, 16 ओहमची बारा-तेराच्या आसपास. हा झाला नुसता तारेचा रोध. आवाज वाजू लागला की कोन हलतो, कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते आणि इंपिडन्स प्रत्येक सुराला वेगळा होतो. बारा इंची गिटार स्पीकरचा रेझोनन्स बहुधा 75 हर्ट्‌झच्या जवळ असतो आणि तिथे त्याचा इंपिडन्स छापलेल्या आकड्याच्या कितीतरी पट वर चढतो. गिटारची सगळ्यात जाड तार, खर्जातला ई, 82 हर्ट्‌झवर वाजते, म्हणजे त्या चढाच्या अगदी शेजारी. पुढे तीन-चारशे हर्ट्‌झला तो उतरून छापलेल्या आकड्याजवळ येतो आणि वरच्या सुरांत पुन्हा चढू लागतो. ‘आठ ओहमचा बॉक्स’ याचा अर्थ ‘आठच्या फारसा खाली न जाणारा बॉक्स’ एवढाच घ्यायचा.

अ‍ॅम्पच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे नियम जवळजवळ उलटे आहेत. एकीचा नियम दुसरीला लावला म्हणून आजवर पुष्कळ सामान जळालं आहे.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला किमान ओहम सांगितलेले असतात. 4 ओहमला 100 वॅट देणारा अ‍ॅम्प त्या वेळी 20 व्होल्टवर 5 अ‍ॅम्पियर सोडतो. त्याच 20 व्होल्टवर 8 ओहमचा बॉक्स लावला तर हिशेबाने 50 वॅट निघतात, 16 ओहमला 25. आवाज कमी होतो, पण अ‍ॅम्पला काही होत नाही. बॉक्स लावलाच नाही तरी तो निवांत असतो. मात्र 2 ओहमचा बॉक्स लावला की तो 10 अ‍ॅम्पियर मागतो, अ‍ॅम्प तापतो, आणि संरक्षण नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतात. इथे भीती कमी ओहमची आणि शॉर्टची.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा लोड लागतो. स्पीकर तर आठाचा. मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यांचं जमवून देतो, आणि ते फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने ठरतं. ईएल34च्या जोडीला 3400 ओहम हवे असतील आणि स्पीकर 8चा असेल, तर भागाकार 425 येतो, त्याचं वर्गमूळ साडेवीसच्या आसपास. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सेकंडरीच्या साडेवीस पट फेरे. आता ट्रान्सफॉर्मरच्या त्याच 8च्या टॅपला, म्हणजे बाहेर काढलेल्या टोकाला, 16चा बॉक्स लावला की व्हॉल्व्हला 6800 दिसतात, 4चा लावला की 1700. पहिल्या वेळी व्होल्टेज वर चढतं, दुसऱ्या वेळी करंट. दुपटीची चूक काही अ‍ॅम्प पचवतात, काही पचवत नाहीत. हे अ‍ॅम्प बनवणाऱ्याच्या सूचनेवर सोडावं, ऐकीव अनुभवावर नाही. आणि बॉक्स मुळीच जोडलेला नसेल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट मिळत नाही, प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं, ठिणगी पडते आणि ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्हचा सॉकेट जळतो. इथे खरी भीती उघड्या सर्किटची.

आता स्विचकडे येऊ. सारखे दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले तर ओहम दुप्पट, पॅरललमध्ये जोडले तर निम्मे. म्हणजे एका जोडणीतून दुसरीत गेलं की फरक पडतो चौपटीचा. 8 ओहमच्या दोन स्पीकरांचे 4 होतील किंवा 16 होतील, 8 कधीच होणार नाहीत. चार स्पीकरांतही तेच. 16चे चार स्पीकर सगळे पॅरलल केले तर 4, दोन-दोनच्या जोड्या करून सिरीज-पॅरलल केले तर 16. 8चे चार असतील तर 2 किंवा 8. उलट व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या मागचा सिलेक्टर 4, 8, 16 असा दुपटीने चालतो. बॉक्समधल्या स्विचची उडी चौपटीची आणि गरज बहुधा दुपटीची, हा मेळ सुरुवातीपासूनच बसत नाही. 4 आणि 16 असलेल्या बॉक्ससमोर फक्त 8चा अ‍ॅम्प आला तर स्विच कुठेही करा, उत्तर चुकलेलंच राहतं. स्विच बसवायला निघालेल्या अनेकांच्या ध्यानात ही गोष्ट बॉक्सला भोक पाडून झाल्यावर येते.

मार्शलचा 1960ए हा चार स्पीकरांचा बॉक्स या विषयातलं सर्वांत ओळखीचं उदाहरण. आत सेलेशनचे 16 ओहमचे, प्रत्येकी 75 वॅटचे चार स्पीकर, एकूण 300 वॅट. पाठीवरच्या प्लेटला दोन जॅक आणि एक स्विच. स्विच मोनोवर असेल तर एक जॅक 4 ओहमचा, दुसरा 16चा. स्टीरिओवर केला की दोन-दोन स्पीकरांचे दोन वेगळे बॉक्स होतात, प्रत्येकी 8 ओहमचे. यात 8 कसे मिळाले ते नीट पाहावं: अर्धे स्पीकर सोडून देऊन. स्टीरिओवर असताना एकाच जॅकमध्ये हेड लावलं की दोनच स्पीकर वाजतात आणि सगळी शक्ती त्या दोघांवर येते. प्लेटवर हे छापलेलं असतं, पण अंधाऱ्या स्टेजच्या मागे ते वाचतो कोण? घाईत एका बोटाने तो स्विच इकडचा तिकडे होतो आणि ओहम बदलून जातात. मार्शलसारख्या कंपनीच्या प्लेटवर हे घडू शकतं, तर हाताने कोरलेल्या पत्र्यावर जास्तच घडेल.

फेंडरने दुसरी वाट धरली. त्यांच्या जुन्या अ‍ॅम्पांना ओहमचा सिलेक्टर सहसा नसतो. डिलक्स रिव्हर्बमध्ये 8चा एक स्पीकर म्हणून 8, ट्विन रिव्हर्बमध्ये 8चे दोन पॅरलल म्हणून 4, सुपर रिव्हर्बमध्ये 8चे चार पॅरलल म्हणून 2. प्रत्येक अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर त्याच्याच स्पीकरांच्या मापाने गुंडाळलेला. आणखी एक शहाणपण त्यांनी केलं: मुख्य स्पीकरचा जॅक असा घेतला, की प्लग काढला तर आउटपुट आपोआप शॉर्ट होतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला क्षणभराचा शॉर्ट उघड्या सर्किटपेक्षा पुष्कळ बरा. मला फेंडरची ही वाट जास्त पटते.

तरीही दोन स्पीकरांच्या बॉक्सला स्विच लावायचाच असेल, तर आत काय होतं ते तारेतारेने पाहावं. लागतो दोन पोल, दोन बाजूंचा स्विच, दुकानात डीपीडीटी म्हणून मागतात तो. पहिल्या स्पीकरचा प्लस कायम जॅकच्या प्लसला, दुसऱ्या स्पीकरचा मायनस कायम जॅकच्या मायनसला. उरलेली दोन टोकं, म्हणजे पहिल्याचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस, स्विचच्या मधल्या दोन पायांवर. एका बाजूच्या पायांवर जॅकचा मायनस आणि प्लस आणून जोडले की पॅरलल. दुसऱ्या बाजूचे दोन पाय एकमेकांना तारेने जोडले की सिरीज. वायरिंग एवढंच, अर्ध्या तासाचं काम.

अडचण आहे ती स्विच एका बाजूकडून दुसरीकडे जातो त्या क्षणाची. बाजारात सहज मिळणारा स्विच आधी जुना संपर्क सोडतो, मग नवा धरतो. त्या मधल्या क्षणी वरची दोन्ही टोकं हवेत लोंबतात, दोन्ही स्पीकर सुटतात आणि अ‍ॅम्पला उघडं सर्किट दिसतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला नको असलेली हीच गोष्ट. मग कुणी सुचवतं, आधी नवा धरून मग जुना सोडणारा स्विच घ्या. त्यात क्षणभर चारही बाजू एकत्र येतात: जॅकचा प्लस सिरीजच्या त्या जोडतारेतून थेट मायनसला भिडतो आणि चक्क शॉर्ट होतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला नको असलेली ती हीच. म्हणजे दोन्ही जातींना सुरक्षित असा स्विच या जोडणीत नाहीच. अ‍ॅम्प बंद करून मगच हात लावायचा, हा एकच इलाज. मधे ‘ऑफ’ची तिसरी जागा असलेला स्विच तर मुळीच घेऊ नये, कारण त्या जागेवर तो उघडं सर्किट करून तसाच बसून राहतो.

शिवाय करंट. 100 वॅटला 4 ओहमवर 5 अ‍ॅम्पियर आणि त्याची शिखरं 7च्या पुढे. गिटारवाले अ‍ॅम्प ओढून वाजवतात, तेव्हा छापलेल्या वॅटपेक्षा अधिकच बाहेर पडतं. गिटारच्या पिकअपला लावतात तसला चिमुकला टॉगल इथे चालत नाही. निदान 10 अ‍ॅम्पियरचा, घट्ट बसणारा स्विच हवा. दोन-चार वर्षांत त्याच्या संपर्कावर काळं साचतं. सिरीजच्या स्थितीत तो संपर्क सुटला की पुन्हा उघडं सर्किट, तेही ऐन गाण्यात.

तारेचं थोडक्यात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटरच्या केबलला पुरते, जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या आठव्या भागाइतका होतो. गिटारची जाळीदार केबल मात्र हेड आणि बॉक्सच्या मधे कधीही लावू नये. दिसायला प्लग सारखाच असतो, आतली तार बारीक असते, ती तापते आणि आतून शॉर्ट होते किंवा तुटते.

हे जमवाजमवीचं कोडं आपल्या भागाला नवीन वाटण्याचं कारण नाही. मंडपवाल्यांनी ते भोंग्यांच्या बाबतीत केव्हाच सोडवलं आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या आणि नंतरच्या काळातल्या फोटोंमध्ये नेहरूंसमोर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी असलेला मायक्रोफोन दिसतो. ती मोटवाने कुटुंबाची मुंबईची कंपनी. मैदानभर भोंगे पसरायचे तर लांब तारांत शक्ती वाया जाते आणि भोंगे वाढतील तसे ओहम घसरत जातात. त्यावर उपाय म्हणजे 100 व्होल्टची लाइन. आजही अहुजाच्या अ‍ॅम्पच्या मागे 4, 8, 16 ओहम यांच्या शेजारी 70 आणि 100 व्होल्टचे स्क्रू असतात. प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर. 10 वॅटचा टॅप घेतला की लाइनला तो भोंगा 1000 ओहमचा दिसतो. असे दहा लावले की 100 ओहम, म्हणजे 100 वॅट. सप्ताहाच्या मांडवात भोंगे लावणारा माणूस वॅटची बेरीज करतो आणि ओहमचं गणित ट्रान्सफॉर्मरवर सोपवतो. स्विच तो कुठेच लावत नाही.

गिटारच्या बॉक्सलाही हा मार्ग खुला आहे. हेड आणि बॉक्सच्या मधे ठेवायचा टॅपवाला ट्रान्सफॉर्मर मिळतो, अमेरिकेतल्या वेबर कंपनीचा झी-मॅचर हे त्याचं उदाहरण. तो 8चा बॉक्स 4च्या किंवा 16च्या अ‍ॅम्पला चालवून देतो आणि सगळे स्पीकर वाजते राहतात. जड आहे, महाग आहे, थोडी शक्ती खातो. ज्याच्याकडे जुनं, एकाच टॅपचं हेड आहे त्यानेच त्याच्या वाटेला जावं.

आपल्याकडे सहज मिळणारे बारा इंची स्पीकर बहुधा 8 ओहमचे. चारांचा बॉक्स असेल तर प्रश्नच मिटतो: सिरीज-पॅरलल करून 8 ओहमवर कायमचं वायरिंग करावं, स्विच नको, जॅक एक. खरा मोह दोनच्या बॉक्सला होतो, कारण तिथे 4 किंवा 16 यांतून एक निवडावं लागतं. त्यासाठी मला सर्वांत निर्धोक वाटते ती स्पीकॉनची जोडणी. न्यूट्रिकच्या चार पोलच्या स्पीकॉन सॉकेटला 1 प्लस-मायनस आणि 2 प्लस-मायनस अशा दोन जोड्या असतात. पहिला स्पीकर पहिल्या जोडीवर, दुसरा दुसऱ्या जोडीवर. बॉक्सच्या आत एवढंच. पॅरलल की सिरीज हे केबलच्या प्लगमध्ये ठरतं. एका केबलच्या प्लगमध्ये दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, ही 4 ओहमची केबल. दुसरीत अ‍ॅम्पचा प्लस 1 प्लसला, 1 मायनस आणि 2 प्लस एकमेकांना, 2 मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला, ही 16ची. एका केबलला लाल पट्टी, दुसरीला निळी. बॉक्सवर चुकून सरकेल असा स्विचच नाही. साउंडवाल्याने त्याची नेहमीची दोन तारांची स्पीकॉन केबल लावली तर पहिला स्पीकर एकटा, 8 ओहमवर वाजेल. बहुतेक अ‍ॅम्पना हे चालतं, फक्त त्या एका स्पीकरचे वॅट अ‍ॅम्पला पुरेसे असायला हवेत. शिवाय साध्या जॅकमध्ये प्लग घालता-काढताना टोक कडेला लागून शॉर्ट होण्याची जी शक्यता असते, ती स्पीकॉनमध्ये नाही.

सिरीजमध्ये आवाज ढिला होतो आणि पॅरललमध्ये कसलेला राहतो, असं बरेच वादक सांगतात. दोन्ही स्पीकर सारखे असतील तर हिशेब याला दुजोरा देत नाही. सारख्या स्पीकरांत व्होल्टेज सारखंच वाटलं जातं, प्रत्येकाचा कोन त्याच प्रमाणात हलतो. फरक पडतो तो अ‍ॅम्पला लोड वेगळा दिसल्यामुळे, किंवा स्पीकर दोन वेगळ्या जातींचे असल्यामुळे. वेगळ्या ओहमचे स्पीकर एकत्र केले तर सिरीजमध्ये जास्त ओहमवाला जास्त वॅट घेतो, पॅरललमध्ये कमी ओहमवाला. ‘कॉइल उडाली’ म्हणून आणलेल्या बॉक्सांत कधीकधी हेच निघतं. एक स्पीकर बदलताना मिळेल तो बसवलेला असतो.

आता आवाजाची बाब, कारण 4 ओहमचा हट्ट बहुतेकदा मोठ्या आवाजासाठीच असतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला योग्य टॅपवर लावलं तर 4, 8, 16 यांत वॅटचा फरक नाही, काही मिळवायचंच नाही. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला 16वरून 4वर आणलं तर 25चे 100 वॅट होतात, म्हणजे 6 डेसिबल. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात. याउलट 97 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी सेलेशनचा व्हिंटेज 30 घेतला, ज्याची संवेदनशीलता 1 वॅटला 1 मीटरवर 100 डेसिबल आहे, तर वायरिंगला हात न लावता वॅट दुप्पट केल्याइतकं पदरात पडतं.

सावंगीत तर मोठ्या आवाजाचा हव्यास तसाही सांभाळून करावा. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय इथेच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालयाभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर असं क्षेत्र ठरू शकतो. उघड्यावर अंतर दहापट झालं की आवाज 20 डेसिबलने उतरतो. तो वरचा स्पीकर फक्त 1 वॅटवर चालवला तरी 100 मीटरवर हिशेबाने 60 डेसिबल पोचतात. वॉर्डात झोपलेल्या माणसाला एका वॅटचाही त्रास होऊ शकतो. बंद सभागृहात, 8 ओहमच्या एका बॉक्सवर, 15-20 वॅटचा अ‍ॅम्प गिटारला पुरून उरतो.

बॉक्स कुणीही बांधो, लावण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. दीड व्होल्टचा सेल घेऊन प्लस प्लसला क्षणभर टेकवावा. दोन्ही कोन एकाच दिशेला, बाहेर सरकले पाहिजेत. एक आत गेला तर त्याची तार उलटी आहे आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकेल. मग केबल लावून, अ‍ॅम्पच्या टोकाकडून मल्टिमीटरने रोध मोजावा. 4च्या जोडणीला तीन-साडेतीन, 8ला साडेसहा-सात, 16ला बारा ते चौदा यायला हवेत. आकडा शून्याजवळ असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर अ‍ॅम्प चालू करू नये.

माझं मत असं, की बॉक्समधला ओहमचा स्विच शंभरातल्या नव्वद जणांना नको. ओहम बदलायचे ते अ‍ॅम्पच्या सिलेक्टरवर, नाहीतर केबलमध्ये. गॅदरिंगची तयारी करणाऱ्या मुलांना आणि साउंडवाल्या मंडळींना विनंती एवढीच: प्रत्येक बॉक्सच्या पाठीवर, जॅकच्या अगदी शेजारी, मोजलेले ओहम आणि स्पीकरांचे एकूण वॅट पक्क्या रंगाने लिहून ठेवा, आणि स्पीकर बदलला तर ते आकडे त्याच दिवशी बदला.